लहरी परत का फिरतात?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे ती तुमच्यापैकी अनेकांनी हातात घेतलेली असेल. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत घराघराच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना असायची. कावळे तिच्यावर बसायचे आणि वारा सुटला की घरातलं एखादं पोर वर चढून ओरडायचं, ‘आलं का?’ त्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत रिबिनीसारखी एक चपटी वायर यायची. काही टीव्हींच्या पाठीला मात्र गोल वायरचं भोक असे. अशा वेळी दुकानदार काड्यापेटीहून लहान अशी प्लास्टिकची एक डबी द्यायचा. तिच्या एका बाजूला चपट्या वायरसाठी दोन स्क्रू, दुसऱ्या बाजूला गोल पिन. डबी उघडली तर आत फेराइटच्या मण्यावर गुंडाळलेली बारीक तार, बाकी काही नाही. एवढ्याशा डबीचे पैसे कशाला द्यायचे, म्हणून पुष्कळ लोक वायरी सरळ एकमेकींना पिळून मोकळे व्हायचे. चित्र यायचं, पण मुंग्या आलेलं, आणि कधी कधी वृत्तनिवेदिकेच्या खांद्याशी तिचीच फिकट सावली उभी राहायची.

चपटी वायर ३०० ओहमची आणि गोल वायर ७५ ओहमची. ही दोन टोकं थेट जोडली, तर आलेल्या शक्तीतले शंभरातले छत्तीस भाग जोडावरूनच माघारी फिरतात. हिशेब करून पाहा: ३०० आणि ७५ यांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. मराठीत न पटणाऱ्या दोघांत छत्तीसचा आकडा असतो म्हणतात. इथे तो खरोखरच छत्तीस येतो. ती डबी हे भांडण मिटवायची. तिचं इंग्रजी नाव मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. आजचा विषय तिचीच नातवंडं आहेत, आणि त्यांच्यापुढे आलेला पेच या डबीच्या पेचापेक्षा बराच कठीण आहे.

मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहितो. मग ही लुडबूड कशाला, असं कुणी विचारेल. अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझं लहानपण सोल्डरच्या धुरात आणि राळेच्या वासात गेलं. शाळेत कविता पाठ केल्या त्याच वर्षांत प्रतिकारकांवरच्या रंगीत पट्ट्याही पाठ झाल्या. पुढे दुकान बंद झालं, पण माझ्या बहिणीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झाला. आता तो मला समजावतो आणि मी त्याला विचारून विचारून भंडावतो. आज जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं या भंडावण्यातून आलेलं आहे.

आधी मूळ प्रश्न. लहर परत का फिरते?

रहाटाचा जाड दोर घ्या, त्याच्या टोकाला सुतळी बांधा, आणि दोराला एक झटका द्या. झटक्याची उंची सापासारखी धावत गाठीपर्यंत जाते. तिथे तिचे दोन तुकडे होतात. एक सुतळीत शिरतो, दुसरा तुमच्या हाताकडे परत येतो. गाठ कितीही पक्की मारली तरी हे व्हायचंच, कारण दोष गाठीत नसतो. जाड दोराची आणि बारीक सुतळीची हलण्याची रीतच वेगळी असते. सोनोग्राफीला गेलेल्यांना आठवेल, डॉक्टर पोटावर आधी गार जेली चोपडतात. ती नसेल तर यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी जातो. आपल्या कानात तर हे काम जन्मापासून चालू आहे. बाहेर हवा, आत द्रव. मध्ये तीन इवली हाडं आणि आतल्या खिडकीपेक्षा पंधरा-वीस पट मोठा कानाचा पडदा. पडद्यावरचा हलका दाब लहान खिडकीवर एकवटतो, म्हणून हवेतला आवाज द्रवात उतरू शकतो.

विजेच्या लहरींच्या बाबतीत त्या ‘हलण्याच्या रीती’ला इम्पिडन्स म्हणतात. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज गृहस्थाने १८८६ साली रूढ केला. मराठी परिभाषेत ‘संरोध’ असा शब्द आहे. चांगला शब्द आहे, पण दुकानात कुणी वापरत नाही. संरोधाचे दोन हिस्से असतात. एक हिस्सा ऊर्जा घेतो तो परत देत नाही. दिव्याच्या तारेत ती उष्णता होते, अँटेनात ती लहर होऊन बाहेर पडते. दुसरा हिस्सा ऊर्जा क्षणभर ठेवून घेतो आणि लगेच परत करतो. हा उसनवारीचा हिस्सा तारेच्या वेटोळ्यात म्हणजे कॉइलमध्ये असतो आणि कपॅसिटरमध्ये असतो. गंमत अशी, की दोघांची उसनवारी एकमेकांच्या उलट चालते. कॉइल घेत असते तेव्हा कपॅसिटर देत असतो. त्यामुळे एकाने दुसऱ्याचं देणं फेडता येतं. जुळणी म्हणजे दोन्हीकडे सारखंच काही ठेवणं, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात एका बाजूला कॉइलपणा जास्त असेल तर दुसरीकडे तितकाच कपॅसिटरपणा लागतो. यमक जुळवणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही; तोच शब्द दोनदा वापरला तर त्याला कुणी यमक म्हणत नाही.

रेडिओच्या जगात बहुतेक ठिकाणी ५० ओहम हा सर्वमान्य आकडा ठरलेला आहे. आतून हवा असलेल्या गोल केबलमध्ये कमीत कमी नुकसान सुमारे ७७ ओहमला होतं आणि जास्तीत जास्त शक्ती सुमारे ३० ओहमला नेता येते. ५० हा त्यांच्या मधला, दोघांनाही चालणारा आकडा. टीव्हीच्या केबलला शक्ती न्यायची नसते, नुकसान टाळायचं असतं. म्हणून ती ७५ ची.

आता नातवंडांकडे येऊ.

एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आंदोलनं. त्याच्या खालच्या काही पट्ट्यांत अगदी कमी शक्तीची लहान उपकरणं बोलत असतात. पाण्याचे मीटर, विजेचे मीटर, गोदामांतल्या खुणेच्या पट्ट्या, शेतातले ओलावा मोजणारे खुंट. घरातलं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पण ते दोन भिंतींपलीकडे थकतं. खालच्या लहरी लांब पल्ल्याच्या. झाडोऱ्यातून, भिंतींतून त्या बऱ्यापैकी वाट काढतात. दोन पेन्सिल सेलवर काही वर्षं चालेल असं उपकरण करायचं तर हाच प्रदेश सोयीचा.

पण या प्रदेशात देशागणिक वेगळी पायवाट आहे. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. युरोपात ८६३ ते ८७० च्या आसपास आणि शिवाय ४३३ ते ४३४ च्या पुढे थोडंसं. अमेरिकेत ९०२ ते ९२८. अमेरिकेचा पट्टा आपल्याकडे सरसकट वापरता येत नाही, कारण त्यातला बराच भाग आपल्या मोबाइल फोनच्या ८९० ते ९१५ च्या पट्ट्यावर चढतो. म्हणजे एकच मीटर तीन बाजारांत विकायचा, तर त्याला तीन बोली यायला हव्यात.

माझा भाचा पुण्यात एका छोट्या कारखान्यात हे बोर्ड बनवतो. मालकांचं म्हणणं साधं होतं: तीन देशांसाठी तीन बोर्ड परवडणार नाहीत, एकच करा. चिप तयार मिळते. लोरा नावाच्या पद्धतीची एक चिप आहे, एसएक्स १२७६. ती १३७ पासून १०२० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत बोलू शकते. लोरा ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या सायक्लिओ या कंपनीने विकसित केली; अमेरिकेच्या सेमटेकने २०१२ मध्ये ती कंपनी विकत घेतली. मालकांना वाटलं, चिपला सगळ्या बोली येतात, आता अडचण कुठे आहे? अडचण चिप आणि अँटेना यांच्या मधल्या दोन सेंटिमीटरमध्ये होती.

तिथे कॉइल आणि कपॅसिटर बसतात, खसखशीच्या दाण्याएवढे, एक मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद. भाच्याने मला कागदावर एक उदाहरण करून दाखवलं होतं, ते तुम्हालाही सांगतो. समजा, एका टोकाला १० ओहम आहेत आणि दुसऱ्याला ५० हवे आहेत. काहीच न करता जोडलं तर ४४ टक्के शक्ती परत. एक कॉइल रांगेत आणि एक कपॅसिटर आडवा लावला, की जुळणी पूर्ण होते. ८६६ मेगाहर्ट्झसाठी कॉइल ३.७ नॅनोहेन्रीची आणि कपॅसिटर सुमारे ७.४ पिकोफॅरडचा. इतकी लहान मापं, की बोर्डावरची मिलिमीटरभर तांब्याची रेघसुद्धा अर्धा-एक नॅनोहेन्रीची कॉइल होऊन बसते. म्हणून या धंद्यात रेघही विचारून काढावी लागते.

आता हीच जोडी ९१५ ला वापरून पाहा. परत फिरणारी शक्ती जेमतेम एक टक्का. म्हणजे भारत आणि अमेरिका या हिशेबात सख्खे भाऊ निघाले. पण हीच जोडी ४३३ ला वापरली, तर ३१ टक्के परत! वारंवारता निम्मी झाली, की कॉइलचा अडथळा निम्मा होतो आणि कपॅसिटरचा दुप्पट. ४३३ ला दोन्ही भाग बरोबर दुप्पट मापाचे हवे होते.

हे उदाहरण कागदावरचं, म्हणून सौम्य आहे. खऱ्या उपकरणातली अँटेना बोटाच्या पेराएवढी असते. ८६६ ची पाव तरंगलांबी ८.७ सेंटिमीटर, ४३३ ची १७.३. मीटरच्या डबीत एवढी जागा नसते, म्हणून तारेचं स्प्रिंग करतात. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं, की अँटेना तरंगलांबीच्या मानाने जितकी लहान करावी तितका तिचा पट्टा चिंचोळा होतो. अशी अँटेना आपल्या पट्ट्याबाहेर शंभरातले नव्वद भागसुद्धा परत पाठवू शकते. उरलेल्या दहात मोकळ्या मैदानात पल्ला एकतृतीयांशाच्या खाली येतो. आणि तीच अँटेना ऐकण्याचंही काम करत असते.

मग दोन्ही वारंवारतांना एकदम पटेल अशी कॉइल का शोधू नये? मीही हेच विचारलं. भाच्याने रोनाल्ड फॉस्टर यांचं नाव सांगितलं. १९२४ साली बेल कंपनीत काम करताना फॉस्टर यांनी सिद्ध केलं, की कॉइल आणि कपॅसिटर कसेही जोडा, नुकसान नसेल तर त्यांची उसनवारी वारंवारतेबरोबर चढतच जाते. मध्येच उतरत नाही. आम्हाला ४३३ लाही २० ओहमची उसनवारी हवी आणि ८६६ लाही २० च हवी. चढणाऱ्या वाटेवर तीच उंची दोनदा कशी येणार? तर वाट मध्येच आभाळाला भिडते, अनंतापर्यंत जाते, आणि पलीकडे पाताळातून पुन्हा वर येऊ लागते. तिथे ती दुसऱ्यांदा २० वर पोहोचते. हे अनंत गाठायला कॉइल आणि कपॅसिटर समांतर जोडून त्यांना मधल्या कुठल्यातरी वारंवारतेवर घुमवावं लागतं. असं करताना एका कॉइलच्या जागी तीन भाग येतात आणि एका कपॅसिटरच्याही जागी तीन. दोनाचे सहा झाले. प्रत्येक भाग मापात पाच टक्के इकडेतिकडे असतो, प्रत्येक कॉइल थोडी शक्ती उष्णतेत घालवते. कागदावर देखणं दिसणारं हे जाळं हातात आलं की रुसून बसतं.

अजून एक मर्यादा आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. हेंड्रिक बोडे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात आणि रॉबर्ट फॅनो यांनी १९५० मध्ये ती मांडली. कितीही भाग वापरले तरी एखाद्या अँटेनाशी होणाऱ्या जुळणीची एकूण पुंजी ठरलेली असते. पट्टा रुंद हवा असेल तर जुळणी सगळीकडे थोडी कमी प्रतीची घ्यावी लागते. एका जागी अगदी उत्तम हवी असेल तर बाकीची जागा सोडावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या आजीने सांगितलेलं. बोडे-फॅनोंनी अंथरुणाची लांबी मोजून दिली. यातून एक शहाणपणाची युक्तीही निघते. ४३५ पासून ८६२ पर्यंत आपल्याला बोलायचंच नाही. तर तिथे जुळणी मुद्दाम वाईट ठेवावी आणि वाचलेलं अंथरूण दोन टोकांना वापरावं.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटत आला. तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, खरी मेख पुढेच आहे. तुम्ही ४३३ ला दोनाने गुणा.”

गुणलं. ८६६.

गाणाऱ्यांना हे सांगायला नको. षड्ज लावला की त्याच्या दुप्पट कंपनांचा तार षड्ज आपोआप त्यात ऐकू येतो. तंबोऱ्याची श्रीमंती या वरच्या स्वरांत आहे. रेडिओच्या प्रक्षेपकात मात्र हीच श्रीमंती गुन्हा ठरते. लहान चिपमधला शक्ती वाढवणारा भाग बॅटरी वाचवण्यासाठी इतका ताणून चालवतात, की ४३३ बरोबर ८६६, १२९९ अशी वरची अपत्यंही जन्माला येतात. एकाच पट्ट्याचं उपकरण असेल तर चिंता नसते. जुळणीचे कॉइल आणि कपॅसिटर अशा रीतीने मांडतात, की ते चाळणीचंही काम करतात. खालचं जाऊ देतात आणि वरचं अडवतात. सगळ्या देशांत या वरच्या स्वरांना कडक मर्यादा आहेत, आणि तपासणीत उपकरण नापास होतं ते बहुधा इथेच.

आता आमची अडचण पाहा. आम्ही मेहनतीने असं जाळं विणलं, की ४३३ ही जाईल आणि ८६६ ही जाईल. मग ४३३ वर बोलताना जो तार षड्ज निघतो, त्याच्यासाठी आम्ही स्वतःच दरवाजा उघडून, दिवा लावून ठेवलेला आहे! ४३३ च्या पट्ट्याची कड न् कड दुप्पट केली तर ८६६ ते ८६९.५ च्या आसपास येते, म्हणजे भारताच्या आणि युरोपच्या अगदी अंगणात. जुळणी जितकी चांगली, तितका गुन्हा मोठा. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तो कागद नुसता पाहत बसलो होतो. अशी कोंडी कवितेत घालायला मिळाली तर कोण सोडेल!

वाट निघते ती घर एकच ठेवून दारं दोन करण्यातून. एसएक्स १२७६ मध्ये खालच्या आणि वरच्या पट्ट्यांसाठी वेगळे पाय दिलेले आहेत, ते याचसाठी. ४३३ ची वाट वेगळी. तिच्यावर तिची जुळणी आणि ८६६ ला अडवणारी चाळणी. वरच्या पट्ट्याची वाट वेगळी. ती ८६५ पासून ९२८ पर्यंत एकाच जुळणीने निभावते, कारण ते भाऊ आहेत हे आपण पाहिलं. शेवटी दोन्ही वाटा अँटेनाच्या तोंडाशी एकत्र येतात. तिथे अशी मांडणी करायची, की ४३३ ला वरची वाट बंद भिंतीसारखी दिसावी आणि ८६६ ला खालची. हिला डायप्लेक्सर म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. पण तो प्रत्येक वेळी थोडा कर घेतो आणि बॅटरीवर त्याचाही खर्च पडतो.

ही युक्ती रेडिओवाल्यांना जुनी आहे. मध्यम लहरींच्या केंद्रावर उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी एक लहानशी खोली असते. तिच्यात कॉइल असतात त्या माणसाच्या मांडीएवढ्या जाड, तांब्याच्या नळीच्या. प्रक्षेपकाकडून आलेली केबल आणि मनोरा यांची जुळणी त्या खोलीत होते. एकाच मनोऱ्यावरून दोन कार्यक्रम सोडायचे असतील तर तिथेही दोन वाटा असतात, आणि प्रत्येक वाटेवर दुसरीला अडवणारा घुमता सापळा. भाच्याच्या बोर्डावरच्या खसखशीच्या दाण्यांत हीच खोली बारीक होऊन बसलेली आहे.

मोजमापाविषयीही सांगायला हवं. बेल कंपनीतल्या फिलिप स्मिथ यांनी जानेवारी १९३९ मध्ये एक वर्तुळाकार आलेख प्रसिद्ध केला. जपानच्या मिझुहाशी यांनी १९३७ मध्ये तसाच मांडला होता. वर्तुळाचा मध्य म्हणजे पूर्ण जुळणी, काठ म्हणजे सगळं परत. कॉइल लावली की ठिपका एका कमानीवरून सरकतो, कपॅसिटर लावला की दुसऱ्या. ठिपक्याला मध्यावर आणून सोडायचं, एवढा तो खेळ. पूर्वी हे दाखवणारं यंत्र लाखांत जायचं. हातात मावणारं नॅनोव्हीएनए २०१९ च्या सुमारास काही हजारांत मिळू लागलं आणि छोट्या कारखान्यांना डोळे आले.

पण हे डोळे फसतातही. ५० ओहमचा साधा प्रतिकारक यंत्राला लावा. ठिपका बरोबर मध्यावर, जुळणी अगदी बावनकशी. आणि त्याच्यातून बाहेर मात्र काहीच जात नाही. सगळी शक्ती त्याला गरम करण्यात संपते. हलक्या प्रतीच्या, नुकसान करणाऱ्या कॉइल घातल्या की आलेख असाच सुंदर होतो, पट्टाही रुंद दिसतो. काही विक्रेते हा आलेख मोठ्या अभिमानाने छापतात. म्हणून किती परत आलं याच्या जोडीला किती बाहेर पडलं हेही मोजायचं असतं, मैदानात, ठराविक अंतरावर दुसरी अँटेना ठेवून.

ही सगळी उस्तवार करायचं आमच्या घरातलं कारण मीटरपेक्षा वेगळं आहे. आमचं गाव चिपळूणच्या बाजूला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते तुम्ही वाचलं-पाहिलं असेल. आमच्या वाडीच्या वर एक पऱ्या आहे. तो फुगला की खालच्या घरांना सामान उचलायला फार वेळ मिळत नाही. भाच्याने त्याच बोर्डावर एक उपकरण केलं आणि साकवाच्या खाली बसवलं. ते वरून पाण्याला आवाज देतं, परत आलेल्या आवाजावरून अंतर मोजतं, आणि ८६६ मेगाहर्ट्झवर आकडा पाठवतं. ऐकणारं यंत्र दीड किलोमीटर खाली, एका घराच्या माळ्यावर. त्याला भोंगा जोडलेला.

पुण्यात टेबलावर ठिपका अगदी मध्यावर होता. साकवाखाली बसवल्यावर मात्र चारातले तीन निरोप पोहोचेनात. प्लास्टिकची डबी आणि पावसाने चिंब जांभ्याची भिंत, दोन्ही अँटेनाच्या अगदी जवळ. हवेपेक्षा अशा वस्तू लहरीला आवरून धरतात; अँटेना स्वतःला आहे त्यापेक्षा लांब समजू लागते आणि तिचा सूर खाली उतरतो. नॅनोव्हीएनए साकवावर नेऊन पाहिलं, तर पस्तीसेक मेगाहर्ट्झ खाली गेला होता. चिंचोळ्या अँटेनाला हे अंतर फार. भाच्याने काय केलं? डबी बंद ठेवून, भिंतीला बादलीने पाणी मारून, ओल्या भिंतीसह पुन्हा जुळणी केली. अँटेना भिंतीपासून चार बोटं पुढे काढली, स्प्रिंगचा एक वेढा कापला, एक कपॅसिटर बदलला. माझी बहीण छत्री धरून उभी होती आणि मुलगा कोरड्या भिंतीला पाणी का मारतोय ते बघायला जमलेल्या पोरांना हाकलत होती. त्यानंतर निरोप जाऊ लागले.

उन्हाळ्यात भिंत वाळली की जुळणी थोडी बिघडते. पण तेव्हा पऱ्यात पाणी नसतं.

कारखान्यात अखेरीस बोर्ड एकच ठरला, त्याच्यावर दोन्ही वाटा आखलेल्या. ज्या बाजाराला जी हवी तेवढीच भरायची. भारतासाठी आणि अमेरिकेसाठी वरची वाट भरतात, ४३३ ची बाजू मोकळी सोडतात. दोन्ही वाटा भरलेला बोर्ड वर्षातून थोडेच विकले जातात आणि भाच्याच्या मते त्यांतच सगळ्यांत जास्त तपासणी लागते. साकवाखालच्या डबीतही ४३३ च्या जागेवर नुसते कथलाचे चकाकते ठिपके आहेत. जून लागला, की वरच्या वाटेने दर दहा मिनिटांनी आकडा येतो.